आमच्याकडे गाडी आडवी करून मिळते

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. आमच्या गॅरेजच्या कोपऱ्यात जुने नट-बोल्ट साठतात तसे ते साठतात. मुद्दाम कोणी टाकत नाही, पण दिवाळीला झाडायला घेतलं की दोन पाट्या भरून निघतात. भाऊ गेला तेव्हा तसंच झालं. बसायला येणारा माणूस आधी डोळे पुसायचा, पाणी प्यायचा आणि मग म्हणायचा, "पण मन्या, एकदा काय झालं माहितीये का?" निम्मे किस्से तर मी स्वतः तिथे उभा राहून पाहिलेले. तरी ऐकायचो. मधे उठलो नाही.

भाऊ म्हणजे माझा मोठा भाऊ, अनिल मिस्तरी. जळगावात हायवेच्या कडेला आमचं पत्र्याचं शेड आहे. जुन्या गाड्यांचं पत्राकाम आणि वेल्डिंग. जुन्या म्हणजे अँबॅसेडर, जीप, कोणाच्या तरी आजोबांनी घेतलेल्या. या गाड्या वरून चकचकीत असतात आणि खालून सडलेल्या. पाय जोरात ठेवला तर रस्त्याला लागेल अशा. बाकीचे मिस्तरी गाडीखाली उताणे झोपून वेल्डिंग करतात. भाऊ गाडीलाच आडवी करायचा, सरळ एका कुशीवर. मग गाडीचं पोट भिंतीसारखं समोर उभं राहतं आणि मिस्तरी स्टुलावर बसून काम करतो. जळगाव-धुळ्याकडे असं दुसरं कोणी करताना मी पाहिलेलं नाही. कोणी करत असेल तर त्याने येऊन मला सांगावं.

भाऊला चाळीस पूर्ण नव्हते. एका सकाळी अंघोळीला जाताना छातीवर हात ठेवून खाली बसला, तो उठलाच नाही. त्याबद्दल मी एवढंच लिहिणार आहे.

तो गेला तेव्हा शेडमध्ये धुळ्याच्या पारसशेठची अँबॅसेडर अर्धी होऊन उभी होती. खालचा सडलेला पत्रा कापून भाऊने नवे तुकडे वेल्डिंगचे तात्पुरते टाके मारून बसवले होते, पण पक्के जोड निम्म्याच तुकड्यांचे झाले होते. मधे पाडवा आला म्हणून पूजेसाठी गाडी चाकांवर उतरवून ठेवली होती. गॅरेज राहणार की जाणार, हे त्या गाडीवर ठरायचं होतं. त्याचं पुढे सांगतो. आधी भाऊचं सांगू द्या.

*

पहिली गाडी आडवी झाली तेव्हा भाऊ पंचविशीत होता आणि मी चड्डीत. गाडीखाली झोपून वेल्डिंग करताना एक ठिणगी थेट त्याच्या कानात गेली. तो बाहेर आला, कानावर थापा मारल्या, स्टुलावर बसला आणि अर्धा तास गाडीकडे बघत राहिला.

सलीमचाचा आमचे जुने वेल्डर. भाऊला काम त्यांनीच शिकवलं. ते म्हणाले, "काय बघतो रे?"

भाऊ म्हणाला, "चाचा, आपण हिच्याखाली का झोपतो? हिलाच झोपवू."

चाचा माझ्याकडे वळून म्हणाले, "ठिणगी आत मेंदूपर्यंत गेली वाटतं."

शेजारच्या टपरीवरची सहा माणसं बोलावली, जुने टायर पसरले आणि गाडी ढकलली. ती पडली धाडकन. एका बाजूच्या दोन्ही दरवाज्यांना पोचे आले. ते काढण्यात भाऊचे आठ दिवस गेले. पण खालचं काम मात्र दोन दिवसांत झालं, आणि ते इतकं सरळ झालं की गाडीचा मालक हात फिरवत बसला.

चाचा त्या दिवशी स्टुलावर बसून तासभर वेल्डिंग करत होते. मग तोंडासमोरची काच वर करून पाठीवर हात फिरवत बसले. भाऊ घाबरला. म्हणाला, "चाचा, काय झालं? दुखतंय का काही?"

"दुखत नाही, तेच तर," चाचा म्हणाले. "तीस वर्षं उताणा झोपून काम केलं. तुला आधी जन्माला यायला काय झालं होतं?"

*

टायरांवर गाडी ठेवली की रंगावर काळे डाग पडायचे. त्याचा इलाज फैजपूरच्या नानांनी काढला. नाना केळीचे बागायतदार. त्यांची एक जुनी जीप होती आणि तिच्यावर त्यांचा घरातल्या सुनेपेक्षा जास्त जीव. हे सून स्वतः सांगायची.

नानांनी टायर बघितले आणि भाऊला म्हणाले, "माह्या गाडीले एक डाग पडला ना, तं मी इथून उठनार नाही बापा."

दुसऱ्या दिवशी ते ट्रॅक्टर भरून केळीची खोडं घेऊन आले. "घड कापला का आम्ही हे फेकूनच देतो. याच्यावर निजव तिले."

भाऊने खोडं आडवी-उभी रचली, वर पोती टाकली आणि जीप त्यावर टेकवली. इतकी अलगद बसली की आवाज आला नाही. खोड वजनाने हळूहळू दबतं, पण एकदम चेपत नाही. शिवाय आतून ओलं असतं. वेल्डिंगची ठिणगी पडली की तिथेच विझते. त्या दिवसापासून आमच्याकडे टायर बंद. रस्त्याने जाणारे लोक केळीची खोडं बघून विचारायचे, "लग्न कोणाचं आहे?"

एकदा भाऊ असाच स्टुलावर बसून जोड मारत होता. मधेच थांबून म्हणाला, "मन्या, मी वाकडा बसलोय का रे?"

मी म्हटलं, "सरळ बसलाय."

"मग रेघ तिरपी का जातेय?"

मी मागे जाऊन पाहिलं तर गाडी मागच्या बाजूने वीतभर खाली गेली होती. आणि शेडच्या मागून तुकाराम गवळ्याच्या दोन म्हशी मान खाली घालून आरामात खोडं खात होत्या. गाडीखालची!

म्हशी हाकलल्या, ठोकळे लावले, तिरपा जोड कापून पुन्हा केला. भाऊ दिवसभर तुकारामच्या नावाने बोलत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तुकाराम स्वतःच आला. आम्हाला वाटलं माफी मागायला आला.

तो म्हणाला, "अनिलभाऊ, काल दोघींनी मिळून लिटरभर जास्त दूध दिलं. उद्या कोणती गाडी पाडताय?"

*

गाडी कशी आडवी करतात ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. एका बाजूला चेन-पुली लावून गाडी उचलायची. ती तिरपी होत होत मध्यावर येते. मध्य ओलांडला की ती आपल्याच वजनाने पलीकडे जायला निघते. तेव्हा तिला मागून धरून ठेवणारा एक दोर लागतो. तो लोखंडी खांबाला एक वेढा देऊन धरायचा आणि वीत-वीत सोडायचा. चेन कोणीही ओढेल. मागचा दोर भाऊचा. तो त्याने कोणाच्या हातात दिला नाही.

दुसरा नियम असा, की त्या वेळी मालकाला तिथे ठेवायचं नाही. चहाला पाठवायचं. वीस वर्षं पुसलेली गाडी डोळ्यांसमोर कलंडताना कोणाला बघवत नाही. एकाने तर मधेच धावत येऊन गाडीला खालून हात लावला होता. एक टन गाडी, आणि हा एका हाताने धरतोय.

चोपड्याचे एक गुरुजी होते, शाळेतून रिटायर झालेले. त्यांनाही असंच चहाला पाठवलं. ते चष्मा विसरले म्हणून परत आले. गाडी बरोबर मध्यावर होती. गुरुजी सरळ पोत्यावर बसले आणि त्यांनी तोंड उघडलं. आता हे ओरडणार आणि सगळ्यांचे हात सुटणार, असं मला वाटलं.

भाऊला दोर सोडता येत नव्हता. तो तिथूनच हलक्या आवाजात म्हणाला, "गुरुजी, हळू हं. आत्ताच डोळा लागलाय तिचा."

गुरुजींनी मान हलवली. आयुष्यभर पोरांना गप्प बसा म्हणून ओरडलेला माणूस, पण पुढचे दोन दिवस आमच्या शेडमध्ये कुजबुजत बोलला. चहा मागायचा तोही कुजबुजत. आम्हीही कुजबुजायला लागलो. गिऱ्हाइकं आली की घाबरून विचारायची, आत कोण आजारी आहे का.

तिसऱ्या दिवशी गाडी चाकांवर उतरवली. गुरुजी भाऊच्या कानाजवळ आले. "आता मोठ्याने बोललं तर चालेल का?"

*

शेड हायवेला लागून आहे याचा एकदा फारच त्रास झाला. शेडमध्ये जागा नव्हती म्हणून एक अँबॅसेडर बाहेर आडवी केली होती. वरच्या बाजूचा दरवाजा उघडून चाचा आत उतरले होते, आतून पत्रा ठोकायला. भाऊ आणि मी मागे नळावर हात धूत होतो.

तेवढ्यात मोटारसायकलवरून दोन तरुण चालले होते. त्यांनी काय पाहिलं, तर रस्त्याच्या कडेला गाडी पलटी झालेली आणि आतून ठक ठक आवाज येतोय. कोणीतरी मदतीसाठी ठोकतंय. दोघं पळत आले, गाडीवर चढले आणि चाचांना बगलेत धरून वर ओढायला लागले.

चाचा ओरडत होते, "अरे सोडो, काम चालू है!"

एक पोरगा दुसऱ्याला म्हणाला, "डोक्याला मार लागलाय. बडबडतोय."

आम्ही धावत पुढे आलो तोवर चाचा रस्त्याच्या कडेला आडवे होते, एकजण त्यांच्या तोंडावर पाणी मारत होता आणि दुसरा फोनवर अँब्युलन्सवाल्यांना पत्ता सांगत होता. भाऊने सगळं समजावून सांगितलं, फोन करून अँब्युलन्सही थांबवली. पोरं बिचारी चांगली होती. खजील झाली. भाऊने त्यांना चहा पाजला.

निघताना त्यातला एकजण थांबला आणि भाऊला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, खरं सांगा. पिऊन चालवत होते ना?"

*

आता माझी चूक. माझ्याही पुष्कळ आहेत, पण ही भाऊ सगळ्यांना सांगायचा.

आडवी करायच्या आधी गाडीतून पाच गोष्टी काढायच्या. बॅटरी, पेट्रोल, इंजिन ऑइल, पाणी, ब्रेक ऑइल. भाऊने मला ही यादी लिहून दिली नाही, कारण मी वाचत बसणार नाही हे त्याला ठाऊक होतं. त्याने डाव्या हाताच्या पाच बोटांवर पाठ करून घेतली. एक गोष्ट काढली की मी एक बोट दुमडायचो.

एरंडोलच्या एका गाडीला मी पाचही बोटं दुमडली आणि म्हटलं, "झालं." गाडी आडवी झाली. खोडांवर टेकली. भाऊने नाक वर केलं.

"मन्या, ऑइल काढलं ना?"

"काढलं."

"मग हे काय गळतंय?"

डिकीच्या फटीतून पिवळट तेल येत होतं. चाचांनी बोट लावून चाखलं. "मोहरी आहे," ते म्हणाले. मग पुन्हा चाखलं. "कैरी पण आहे."

मालकीणबाईंनी लेकीसाठी पाच किलोची लोणच्याची बरणी डिकीत ठेवली होती. मी डिकी उघडून पाहिलीच नव्हती. त्या गाडीला किती धुतलं तरी उन्हात उभी केली की भूक लागायची.

भाऊ रागावला नाही. त्याने माझा उजवा हात धरला, अंगठा दुमडला आणि म्हणाला, "सहावं. लोणचं."

तेव्हापासून डिकी रिकामी आहे का हे बघायला आमच्याकडे तोच शब्द. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला भाऊ विचारायचा, "लोणचं काढलं का?" लोक गोंधळायचे. काही जण शपथ घ्यायचे, की आम्ही लोणचं आणलंच नाही. एकजण मात्र भला माणूस होता. तो गाडी ठेवून गेला आणि संध्याकाळी लिंबाच्या लोणच्याची बरणी घेऊन आला. त्याला वाटलं, आमच्यात तशी पद्धत आहे.

भाऊने ती दोन्ही हातांनी घेतली.

*

भाऊ गेल्यावर चौदाव्या दिवशी एक माणूस आला. ओळखीचाच होता. म्हणाला, चेन-पुली विकायची का, आता ती कोण वापरणार. मी त्याचं हेल्मेट उचललं आणि हायवेच्या पलीकडे फेकलं. वहिनींनी मला ते आणायला लावलं, पुसायला लावलं आणि परत द्यायला लावलं.

त्याच दिवशी पारसशेठचा फोन आला. धुळ्याला त्यांचं कापडाचं दुकान आहे. ही अँबॅसेडर त्यांच्या वडिलांची. वडील नाहीत, पण आई आहेत, माँजी, ऐंशीच्या पुढच्या. घरात त्यांचंच चालतं. शेठ म्हणाले, "माँ म्हणते, ज्याच्या हातात गाडी दिली तोच राहिला नाही. जशी आहे तशी परत आणा. मी टेम्पो पाठवतो."

वहिनींनी माझ्या हातातून फोन घेतला. "शेठ, पंधरा दिवस द्या. नंतर माँजींना पटलं नाही तर कामाचं काहीच देऊ नका."

फोन ठेवून त्या मला म्हणाल्या, "मन्या, मला दोन पोरं आहेत. माँजींनी काम पास केलं तर गॅरेज तुझं. नाही केलं, तर टाइल्सवाला शेड भाड्याने मागतोय, त्याला देते. मग रडायचं नाही."

मी म्हटलं, "नाही रडणार."

दुसऱ्या दिवशी मी एकटाच शेडमध्ये गेलो. चाचांना बोलावलं नाही. भाऊ गेल्यापासून ते शेडकडे फिरकले नव्हते, त्याचा मला राग होता. टपरीवरच्यांनाही हाक मारली नाही. म्हटलं, करून दाखवतो. फैजपूरहून नानांनी न सांगता खोडं पाठवली होती. ती रचली. सहाही बोटं दुमडली. दोर बांधला, खांबाला वेढा दिला, टोक कमरेला गुंडाळलं आणि चेन ओढायला लागलो.

गाडी मध्यावर आली. ओलांडून गेली. दोर ताणला. मी खांबाकडे धावत जाऊन तो दोन्ही हातांनी धरला, आणि तेव्हा कळलं की मी दोर आखूड घेतलाय. कमरेला गुंडाळलेलं टोक सोडूनही खांबाला बांधायला पुरलं नसतं. एकट्याने सोडायला गेलो असतो तर गाडी धाडकन गेली असती. धरून राहता येत होतं, एवढंच. फोन खिशात वाजत होता. दोन वेळा वाजला.

पाऊण तासाने वहिनी डबा घेऊन आल्या. त्यांनी गाडी पाहिली, मला पाहिलं. माझे हात सोलले होते.

"अरे, हाक का नाही मारली कोणाला?"

मी म्हटलं, "मारली."

"कोणाला?"

"भाऊला."

वहिनींनी डबा खाली ठेवला. पदर खोचून माझ्या मागे आल्या आणि दोर धरला. मग त्यांनी जी हाक मारली ती टपरी सोडून पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत गेली. माणसं धावत आली. कोणीतरी चाचांच्या घरी पळालं. चाचा आले ते एका पायात चप्पल आणि दुसऱ्यात बूट घालून. त्यांनी माझा हात दोरावरून काढला नाही. त्यावर आपला ठेवला.

"सोड," ते म्हणाले. "वीतभर. थांब. आता पुन्हा वीतभर."

गाडी खोडांवर टेकली तेव्हा आवाज आला नाही.

*

पुढचे तेरा दिवस मी आणि चाचा. चाचांचे डोळे आता बारीक कामाला चालत नाहीत, म्हणून जोड सगळे मीच मारले. भाऊने टाके मारून ठेवलेले तुकडे होतेच, कुठे पुढे, कुठे मागे, कुठे मधे. त्याने अर्धवट सोडलेल्या रेघा मी पुढे नेल्या. माझेच तीन जोड कापून पुन्हा केले. सगळं झाल्यावर खाली लाल रंगाचा एकच हात दिला, म्हणजे जोड दिसतील. आणि गाडी मी स्वतः चालवत धुळ्याला नेली. शेजारी चाचा, मागे वहिनी.

आम्ही सकाळी पोचलो. दुकान उघडायचं होतं. हमाल ओट्यावर बसले होते. पारसशेठ बाहेर आले, गाडीभोवती फिरले, दरवाजे लावून पाहिले, आत बसून पाय आपटले. "छान झालंय," असं म्हणाले आणि मागे बघायला लागले.

माँजी काठी टेकत आल्या. माहेर मारवाडातलं, पण जन्म धुळ्यात गेला. गिऱ्हाइकांशी बोलून बोलून त्यांची अहिराणी आमच्यापेक्षा पक्की. त्यांनी रंग पाहिला नाही, दरवाजे पाहिले नाहीत.

"माले खालतून दखाड," म्हणाल्या.

शेठ हसले. "माँ, खालून कसं दिसेल? वाकता येतंय का तुला?"

"मंग माले काय समजी? वरतून तं ती आधी बी चांगलीच व्हती."

शेठ समजूत घालायला लागले. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. चाचा म्हणाले, "मन्या, नको." मी काय करणार हे त्यांना माझ्या आधी कळलं होतं.

मी बॉनेट उघडलं आणि बॅटरी काढायला घेतली.

तास-दीड तास गेला. पेट्रोल कॅनमध्ये काढलं, इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल काढलं, पाणी सोडलं, डिकी पाहिली. केळीची खोडं नव्हती. शेठ नको नको म्हणत असताना माँजींनीच हमालांना सांगून दुकानातल्या कापडाच्या गाठी रस्त्यावर आणवल्या आणि दोन ओळींत लावून घेतल्या. चेन-पुलीही नव्हती, म्हणून आठ हमाल. दोराचा वेढा दुकानासमोरच्या कडुनिंबाला. या वेळी हमालांकडून लांब दोर घेतला. शेठना कोणीतरी चहाला नेलं. माँजी जायला तयार नव्हत्या. त्यांच्यासाठी खुर्ची आणली.

गल्ली थांबली. वरच्या मजल्यांवरून लोक बघत होते. हमालांनी उचललं, गाडी मध्यावर आली, पलीकडे निघाली, आणि दोर माझ्या हातात होता. वीत. वीत. वीत. अँबॅसेडर कापडाच्या गाठींवर कलंडली, अगदी अलगद. तिचं लाल पोट भर गल्लीत उन्हात उघडं झालं.

माँजी उठल्या. काठी शेठच्या मुलाकडे दिली, चष्मा पुसला आणि अगदी जवळ गेल्या. जोडांवरून बोट फिरवत फिरवत पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत गेल्या. मग परत आल्या.

"तुना भाऊनं काम कोनतं," त्यांनी विचारलं, "अन् तुनं कोनतं?"

मी पुढे झालो. मधल्या तुकड्याचा एक जोड होता, लांब, एकसारखा, कुठे फुगीर नाही, कुठे खोल नाही. त्यावर मी हात ठेवला.

"हे भाऊचं, माँजी."

मागून चाचा म्हणाले, "ते तुझं आहे."

मी हात काढला नाही. वहिनींनी तोंड फिरवलं. माँजींनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या जोडाकडे पाहिलं, आणि काठी परत घेतली.

"उभी कर आते, अन् पैसा ली जाय," त्या म्हणाल्या. "दुकान उघाडानं शे."